चोवीस पॉइंट अडतीस

"माप सांगू नका, वस्तू आणा." हे वाक्य मी गेली तीस वर्षं माझ्या दुकानाच्या दारात उभा राहून तमिळमध्ये बोलत आलो आहे. पंपाचा शाफ्ट करून मागणारा शेतकरी असो की भातगिरणीचा मालक, कागदावर लिहून आणलेलं माप मी घेत नाही. माणूस मोजताना चुकतो, लिहिताना चुकतो, फोनवर सांगताना तर हमखास चुकतो. पुली आणा, बेअरिंग आणा, तुटलेला तुकडा आणा; मी माझ्या हाताने मोजीन आणि मगच लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालू करीन.

हा नियम मला माझ्या सरांनी शिकवला. तो मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही सरांसाठीच.

दुकान तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आहे. लोक त्याला लेथ पट्टरै म्हणतात. पट्टरै म्हणजे कारखाना, पण माझ्या कारखान्यात एक लेथ, एक शेपर, एक ड्रिल आणि मी, एवढाच पसारा. सर आयटीआयमध्ये टर्नरचा वर्ग घेत. आम्हा मुलांत मराठी घरातला मी एकटाच होतो, आणि शिक्षकांत ते एकटेच. तरी वर्गात ते माझ्याशी एक शब्द मराठीत बोलले नाहीत. मराठी बोलायची ती वर्ग सुटल्यावर, सायकल हातात धरून चालताना. त्यांचं मराठी माझ्या आजोबांसारखं होतं. "कशास धावतोंस? बैस की थोडा," असं म्हणायचे.

परीक्षेत आम्हाला पायऱ्यापायऱ्यांचा एक शाफ्ट करायचा होता. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलं तर पाच भागांची सूट होती. माझा सात भाग कमी भरला. सरांनी मला नापास केलं. माझे वडील त्यांच्या घरी गेले, मलाही सोबत नेलं. वडिलांना वाटलं, आपलाच माणूस आहे, मराठीत विनंती केली की ऐकेल. सरांनी कॉफी दिली. मग आतून माझा शाफ्ट आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची मोजपट्टी, आणलं, वडिलांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "वाचा."

वडील कारकून होते. त्यांना त्या बारीक रेषांतलं काय कळणार? ते म्हणाले, "मला हे वाचतां येत नाही."

"मला येतं," सर म्हणाले. "सात आहे."

मी सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली. पास झालो त्या दिवशी सरांनी मला घरी जेवायला बोलावलं. सरांच्या बायकोला मी मामी म्हणतो. मामींनी त्या दिवशी मला एवढं वाढलं की घरी जाताना सायकल चालवणं जड गेलं.

निवृत्त झाल्यावर दोघं तिरुवैयारूला राहायला गेली. कावेरीपासून जवळ त्यांची सव्वा एकर जमीन होती. नारळ, त्यांच्यामध्ये केळी, कडेने भाजी आणि थोडी मोगऱ्याची झाडं. एका शेतीसंस्थेने जुनं सामान लिलावात काढलं तेव्हा सरांनी तिथून एक छोटा बागेतला ट्रॅक्टर उचलला होता. परदेशी बनावटीचा, माझ्या कमरेइतका उंच, एकाच माणसाच्या बसण्याचा. कंपनीच्या नावाचा पत्रा इतका झिजला होता की पहिलं अक्षरसुद्धा लागत नव्हतं. सरांनी तो पूर्ण उघडला, एकेक भाग धुतला, जो झिजला होता तो नवा केला. दुरुस्ती सरांची आणि चालवणं मामींचं, अशी त्यांची वाटणी होती. मामी साडीवरून सरांचा एक जुना खाकी शर्ट घालायच्या, ट्रॅक्टरवर बसायच्या आणि नारळांच्या दोन ओळींमधून सरळ रेषेत नांगर ओढत न्यायच्या. रस्त्यावरून जाणारी माणसं सायकली थांबवून बघत. मामी त्यांच्याकडे बघत नसत. त्यांची नजर समोरच्या झाडाच्या बुंध्यावर असे.

मग एका वर्षी ट्रॅक्टरच्या इंजिनाला आतून तडा गेला. ओतीव लोखंडाचं ते इंजिन, त्याचे भाग जगात कुठे मिळत असतील तर असोत, आपल्याकडे नाहीत. सरांनी चार महिने भंगारबाजार पालथे घातले आणि एका जुन्या पंपाचं छोटं इंजिन शोधून काढलं. ताकद तेवढीच, आत सगळं शाबूत. अडचण एकच. नव्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या पोटातून बाहेर येणारा जो दांडा पुलीला फिरवतो तो, ट्रॅक्टरच्या पुलीपेक्षा जाड होता आणि लांबही. तो लेथवर बारीक करायचा, आखूड करायचा, आणि पुलीला जखडणाऱ्या चावीची खाच नव्याने पाडायची, म्हणजे जुन्या ट्रॅक्टरला नवं इंजिन बसणार होतं.

पोंगल, म्हणजे संक्रांत, झाल्यावर आठवडाभराने सर माझ्या दुकानात आले. क्रँकशाफ्ट जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळून स्कूटरच्या पुढच्या भागात ठेवला होता. स्कूटर स्टँडवर लावताना त्यांचा पाय पहिल्यांदा स्टँडवर न पडता बाजूला पडला. मला वाटलं, वय झालं. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरचे होते.

त्यांनी खिशातून एक कागद काढून दिला. सहा मापं आणि खाली तारीख लिहिली होती, तिरक्या टोकदार अक्षरांत, जशी फळ्यावर लिहायचे तशी.

"पुली कुठे आहे, सर?" मी विचारलं.

"ट्रॅक्टरवरच आहे, क्लचसकट. ती काढली की सगळी जुळणी बिघडते. माप दिलंय ना."

मी कागदाकडे बघत राहिलो. पुलीचं भोक, चोवीस पॉइंट अडतीस. जुना परदेशी ट्रॅक्टर, म्हणजे भोक एक इंचाच्या, पंचवीस पॉइंट चार मिलिमीटरच्या, आसपास हवं. हे माप एक मिलिमीटरने कमी होतं. पण पूर्वी त्या पुलीचं भोक झिजलं होतं तेव्हा सरांनीच त्यात आतून एक नळी, बुश, ठोकून बसवला होता. त्यामुळे माप कुठलंही असू शकत होतं.

"कां रे? कागद पुरत नाही?" ते हसले.

"पुरतो, सर."

सरांनी मोजलेलं मी परत मोजायचं, हे माझ्या तोंडून निघेना. एवढंच.

क्रँकशाफ्ट लेथवर चढवणं साध्या दांड्यासारखं नसतं. तो मध्ये वाकडा असतो, एका बाजूला जड. दोन टोकांच्या मध्ये पकडला की दाबाने त्याच्या पोटातली फट मिटते आणि माप फसतं. म्हणून त्या फटीत मी सागाची पाचर तासून बसवली. लेथ अगदी हळू ठेवला. दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. शेवटचा हात मारताना पंखा बंद केला, वाऱ्याने काही बिघडतं म्हणून नव्हे, आवाज नको म्हणून. चोवीस पॉइंट छत्तीसवर आणला, दोन भागांची जागा ठेवून. पॉलिश केल्यावर त्यात माझा चेहरा दिसत होता. मला वाटलं, हे बघून सर काही बोलणार नाहीत, पण मामींना सांगतील.

रविवारी सकाळी मी तो घेऊन तिरुवैयारूला गेलो. मामींनी खाकी शर्ट आधीच घातला होता. इंजिन जोडायला अजून दोन दिवस तरी लागणार होते, तरी घातला होता. सर म्हणाले, "आधी नुसता शाफ्ट पुलीत घालून बघ."

मी घातला. शाफ्ट आत गेला, आणि मी हात सोडल्याबरोबर एका बाजूला कलला. पुलीत तो खुळखुळत होता. दोन भागांची जागा असली की शाफ्ट तेलाच्या थेंबाबरोबर आवाज न करता सरकतो. इथे एक पूर्ण मिलिमीटर मोकळा होता.

मग सर म्हणाले, "शाफ्ट मोज."

मी माझं व्हर्नियर काढलं. "चोवीस छत्तीस."

"भोक मोज."

मी भोकात व्हर्नियरची आतली चोच घातली, फिरवून तीनदा मोजलं. "पंचवीस अडतीस."

"मग मी पंचवीस अडतीसच लिहिलं असणार," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. "सहा मापं होती, मला एकेक पाठ नाही. कागद दाखव."

कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. त्यावर चोवीस होतं. काम करताना मी तो शंभर वेळा वाचला होता. व्हर्नियरवर मोठ्या रेषा असतात, एकेक मिलिमीटरच्या, आणि त्यांच्या खाली बारीक रेषा. सरांनी बारीक रेषा बरोबर वाचल्या होत्या आणि मोठ्यांतली एक सोडली होती. पहिल्या वर्षाचा मुलगासुद्धा अशी चूक दुसऱ्या महिन्यापर्यंतच करतो.

मी मान वर केली. सर मान थोडी डावीकडे वळवून, तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत होते. मामी पदराने हात पुसत उभ्या होत्या.

"कागदावर तेल सांडलं, सर. फेकून दिला," मी म्हणालो. "तुम्ही पंचवीसच लिहिलं होतं. मी चोवीस वाचलं."

मी हे का बोललो याची कारणं नंतर मी स्वतःला पुष्कळ दिली. त्या क्षणी एकच होतं. ज्या माणसाने माझ्या वडिलांसमोर 'मला येतं' असं म्हटलं होतं, त्या माणसाला त्याच्या बायकोसमोर मी कागद कसा दाखवणार?

सरांनी शाफ्ट माझ्या हातातून घेतला. "चूक होते. पण पंचवीसचं चोवीस? पुली न बघता?"

"मी पुलीला मोठा बुश बसवून देतो, सर. एका दिवसाचं काम आहे."

"बुशावर बुश?" त्यांनी मामींकडे वळून म्हटलं, "हे मी शिकवलं नाही." मग माझ्याकडे बघून तमिळमध्ये म्हणाले, "तुम्ही जा. माझं काम मी बघतो."

तमिळमध्ये 'तुम्ही' आणि मराठीत 'तुम्ही', दोन्ही त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. मी निघालो तेव्हा मामी दारापर्यंत आल्या. "राग जाईल त्यांचा. ये तू," म्हणाल्या. खाकी शर्टाची बटणं त्या काढत होत्या.

राग गेला नाही. मी महिन्यातून एकदा फोन करायचो. सर फोन घेत नसत, मामी बोलत. त्यांच्याकडून कळायचं की सर स्वतःच सगळं पुन्हा मोजताहेत, दिवस दिवस ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बसतात, मोजतात, खोडतात. गावात दोघातिघांना त्यांनी सांगितलं होतं की माझा हात बिघडला. मला त्याचं काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. दोन गिऱ्हाइकं तिरुवैयारूकडून यायची थांबली. पण आत कुठेतरी बरंही वाटायचं, की मी सरांसाठी काहीतरी सोसतो आहे. आज मला त्या बरं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, मामींनी फोनवर सांगितलं, "अरे, यांनी सुताराला बोलावलं. म्हणतात, दाराची चौकट वाकली आहे. सुतार म्हणतो, सरळ आहे. ओळंबा लावून दाखवला, तरी यांना पटेना. त्याला रागावून घालवलं."

मी दुकानात उभा होतो, लेथ चालू होता. मी तो बंद केला.

"मामी, सरांचे डोळे दाखवा," मी म्हणालो.

"चष्मा दोन वर्षांपूर्वीच केला की."

"तरी दाखवा. नंबर बदलला असेल."

एवढंच म्हणालो. कागद माझ्याकडे घरी, लेथच्या जुन्या पुस्तकात घालून ठेवलेला होता. मी म्हणू शकलो असतो, मामी, पोंगलपासून त्यांना रेषा दिसत नाहीत, माझ्याकडे लेखी पुरावा आहे, उद्या गाडी घेऊन येतो. त्या ऐवजी मी नंबर म्हणालो. दोघं तिरुवैयारूच्या चष्म्याच्या दुकानात गेली, नवी काच घातली, आणि घरी आली.

आवणी महिन्यात, म्हणजे श्रावणात, एका सकाळी सरांनी कॉफीचा पेला हातात घेतला आणि मामींना विचारलं, "तुझं तोंड कुठे आहे?" केस दिसत होते, कान दिसत होते, खांद्यावरचा पदर दिसत होता. मध्ये चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग होता.

मामींनी मला फोन केला. त्यांची मुलगी परदेशात, शेजारी कामावर गेलेले. मी मित्राची गाडी घेऊन गेलो आणि दोघांना तिरुचीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत सर पुढच्या सीटवर बसले होते, हात मांडीवर ठेवून. गाडी मी चालवतो आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, मला कळलं नाही.

डॉक्टर तरुण होती, हळू आणि स्वच्छ तमिळ बोलत होती. तिने सरांच्या हातात चौकड्यांचा एक कागद दिला, वहीच्या गणिताच्या पानासारखा, आणि एक डोळा झाकून विचारलं, "रेषा कशा दिसतात?"

"वाकड्या," सर म्हणाले. "मध्ये नाहीतच."

बऱ्याच तपासण्या झाल्या. मग तिने आम्हा तिघांना बसवून सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा विकार आहे. डावा डोळा फार आधी गेला होता, उजवा त्याचं काम करत होता म्हणून लक्षात आलं नाही. आता उजव्यातही रक्त उतरलं आहे. इंजेक्शनं देऊ, जे उरलं आहे ते राखायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येणार नाही.

"सरळ रेषा पहिल्यांदा वाकड्या कधी दिसल्या?" तिने विचारलं.

"आडीमध्ये," सर म्हणाले. "दाराची चौकट."

"त्याच्या आधी काही? वाचताना, बारीक काम करताना?"

"नाही. मी मोजमाप करणारा माणूस आहे. मला कळलं असतं."

डॉक्टर म्हणाली, "अगदी सुरुवातीला आला असतात तर बरंच वाचलं असतं." तिने ते कुणाला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. लिहिता लिहिता म्हणाली.

मी मामींच्या मागे उभा होतो. खोलीत एक माणूस होता ज्याला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं, आणि तो गप्प राहिला.

त्यानंतर दर महिन्याला मी त्यांना इंजेक्शनसाठी नेत असे. सर आता माझ्याशी बोलत, पण 'तुम्ही' म्हणूनच. "तुम्हाला उगाच त्रास," म्हणत. मामी माझ्यासाठी केळफुलाची भाजी डब्यात भरून देत आणि म्हणत, "त्या शाफ्टपायी हे तुला काय काय बोलले, तरी तू येतोस." मला तो डबा घरी उघडवत नसे. बायको एकदा म्हणाली, "काय झालंय तुला? खातही नाहीस, सांगतही नाहीस." मी तिला पुस्तकातला कागद दाखवला. तिने तो वाचला, तारीख पाहिली, आणि एवढंच म्हणाली, "हे मला कशास दाखवतोस? त्यांना दाखव."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी गेलो. सर बाहेर तिण्णैवर, दारालगतच्या ओट्यावर, खांबाला टेकून बसले होते. मामी शेंगा सोलत होत्या. मी बसलो आणि कागद काढला.

"सर, तो मापांचा कागद मी फेकला नव्हता."

"कोणता?"

"पुलीचा. वाचून दाखवतो." आणि मी वाचला. सहाच्या सहा मापं, त्यांनी लिहिली होती त्याच क्रमाने. दुसरी ओळ दोनदा वाचली. भोक, चोवीस पॉइंट अडतीस.

मामींचे हात थांबले. सर समोर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. न वळताच म्हणाले, "चोवीस लिहिलंय?"

"हो, सर."

"माझ्या अक्षरात?"

"हो."

"बाकीची पाच?"

ती मी इंजेक्शनला न्यायला आलो तेव्हा शेडमध्ये जाऊन ताडून बघितली होती. "चार बरोबर होती. लांबी दोन मिलिमीटर कमी लिहिली होती."

"म्हणजे सहात दोन चूक." ते हिशेब केल्यासारखे थांबले. "आणि तुम्ही छत्तीसवर आणलात. दोनची जागा. तुमचं काम बरोबर होतं."

मी कागद मांडीवर ठेवला.

मामींनी मराठीत विचारलं, "तुला पोंगलपासून ठाऊक होतं?" त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "मी तुला चौकटीचं सांगितलं तेव्हा ठाऊक होतं? त्या डॉक्टरीणबाईने विचारलं तेव्हा?"

"होतं, मामी."

त्या शेंगांचं सूप तसंच ठेवून आत गेल्या. त्या घरातून मी कॉफी न घेता उठलो असा तो पहिला दिवस.

सर सावकाश बोलले, जसं फळ्यावर लिहिताना बोलायचे तसं. "एवढी वर्षं शिकवलं. मोजल्याशिवाय मी एकाही मुलाला पास केलं नाही. तुम्हाला नाही केलं. तुमच्या वडिलांना वाईट वाटलं, तरी नाही केलं." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मला पास केलंत."

"सर, मला वाटलं..."

"काय वाटलं ते ठाऊक आहे. मलाही त्या दिवशी तुमच्या वडिलांकडे बघून तेच वाटलं होतं. वाटणं वेगळं." त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं माझा हात हवा आहे. पण त्यांना कागद हवा होता. मी दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, चार घड्या घातल्या आणि वेष्टीच्या कनवटीला लावला. "आता जा," म्हणाले.

तीन महिने मी गेलो नाही. इंजेक्शनसाठी त्यांनी गावातल्या एकाची गाडी ठरवली. मग थै महिन्यात, पोंगलनंतर, मामींचा फोन आला. आवाज कोरडा होता. ट्रॅक्टर विकायचा ठरला होता. पापनाशमच्या एका रोपवाटिकेवाल्याला तो हवा होता, पण सरांचा हट्ट होता की तो भंगार म्हणून जाता कामा नये, चालता जावा. "तू बुश बसवून देतो म्हणाला होतास," मामी म्हणाल्या. "ये. बसव."

मी चार दिवस गेलो. पुली काढली, जुना बुश उपटून काढला, जाड नवा बसवला, आणि तो माझ्या चोवीस छत्तीसच्या शाफ्टला जुळवून आतून कातला. इंजिन बांधलं. लांबीतले दोन मिलिमीटर इंजिनाखालच्या पट्टीला लांबट भोकं पाडून जुळवले. मामी शेडकडे फिरकल्या नाहीत. सर आत पलंगावर पडून असत. चौथ्या दिवशी इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. मी पट्टा लावला, चाकं फिरली. काही बेसूर नव्हतं. मी खिडकीजवळ जाऊन म्हणालो, "सर, चालू झालं."

"ऐकतो आहे," ते आतून म्हणाले. पाच मिनिटांनी म्हणाले, "पुरे. बंद करा."

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "मामी, एक फेरी मारता?"

त्यांनी मान हलवली. "यांना एकटं सोडून नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पापनाशमहून टेम्पो आला. रोपवाटिकेवाला आणि त्याची दोन माणसं यांनी फळ्या लावून ट्रॅक्टर चढवला, दोरखंड बांधले. मी हिशोबाचं बोलणं मामींवर सोडून आत सरांपाशी गेलो. बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, गल्ली ओलांडून तो मोठ्या रस्त्याला लागला.

"दोर कशाला बांधला?" सरांनी विचारलं. "आसाला की मडगार्डला? मडगार्डचा पत्रा पातळ आहे. वळणावर फाटेल."

"आसाला बांधला, सर."

सर उठून बसले. माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत त्यांनी विचारलं, "पाहिलंत? की मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

मी पाहिलं होतं का? मागच्या चाकांचं पाहिलं होतं. पुढचं नाही. मी चप्पल घातली, बाहेर येऊन स्कूटर काढली आणि निघालो. कावेरीच्या पुलाच्या अलीकडे एका बसमागे टेम्पो अडकला होता. मी आडवा जाऊन थांबवला. ड्रायव्हर शिव्या देत उतरला. पुढचा एक दोर मडगार्डच्या पत्र्यातून ओवला होता; पत्रा आत्ताच आत दबायला लागला होता. मी तो सोडवला, खालून आसाला दोन वेढे देऊन पुन्हा बांधला, ओढून बघितला. मागचे दोन्हीही ओढून बघितले. मग त्यांना जाऊ दिलं.

परत आलो तेव्हा माझे हात ग्रीसने भरले होते. सर तसेच बसून होते.

"मागचे दोन आसाला होते," मी म्हणालो. "पुढचा एक मडगार्डला होता. मी न बघताच सांगितलं. आता बदलून आलो."

"चारही बघितले?"

"तीनच दोर होते, सर. तिन्ही बघितले."

"बरं," सर म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. विहिरीपाशी मामी खाकी शर्ट धूत होत्या. त्यांनी बादली माझ्याकडे सरकवली.